काजूची फेणी टोरांटोला पाठवायची आहे: 'धोकादायक माल' नक्की कशाला म्हणतात?

काजूबोंडू | सोमवार, रात्री ९:१५

नमस्कार मंडळी. मी म्हापशाला राहते, माहेर सत्तरीतलं. धाकटा भाऊ टोरांटोला असतो. सहा वर्षांत त्याला घरी यायला जमलेलं नाही आणि पुढच्या महिन्यात त्याची पन्नाशी आहे. आमच्या आजोबांची भाटी, म्हणजे फेणी गाळायची भट्टी होती. उन्हाळ्याच्या सुट्टीत बोंडू गोळा करायचे, तुडवायचे, आणि संध्याकाळी अंगाला तोच वास घेऊन झोपायचं, असं आमचं लहानपण. काय पाठवू विचारलं तर म्हणाला, "ताई, दुसरं काही नको. फेणीची बाटली पाठव, बूच उघडून वास घेतला तरी पुरे."

दोन कुरियरवाल्यांकडे जाऊन आले. पहिल्याने सांगितलं की विमानात ज्वालाग्राही द्रव चालत नाही, विषय संपला. दुसरा म्हणाला, देऊन टाका, फॉर्मवर 'व्हिनेगर' लिहू. ते मनाला पटेना, म्हणून परत आले. आत्ये म्हणते की माणूस पाच लिटर दारू विमानातून नेऊ शकतो. मग बाटली एकटी का जाऊ शकत नाही? ही खरंच धोकादायक वस्तू आहे की नाही? कुणाला नीट माहिती असेल तर सांगा.

चहाबाज | सोमवार, रात्री ९:३१

वाचतोय. मलाही मुलीला नाशिकची वाईन पाठवायची होती, तेव्हा असंच कोड्यात पडलो होतो.

मालधक्का | सोमवार, रात्री १०:२०

ताई, मी मुंबईला सहारच्या कार्गोत बावीस वर्षं काढली, त्यातली बरीचशी धोकादायक मालाचे कागद तपासण्यात. सविस्तर लिहितो.

मद्याला संयुक्त राष्ट्रांच्या यादीत स्वतःचा क्रमांक आहे, यूएन ३०६५. वर्ग ३, म्हणजे ज्वालाग्राही द्रव. लाल चौकोन टोकावर उभा, वर ज्वाळा, खाली ३ चा आकडा, असं त्याचं लेबल. पण सगळं मद्य त्यात येत नाही. २४ टक्के किंवा त्याहून कमी अल्कोहोल असेल तर तो द्रव या नियमांच्या बाहेर. बिअर, वाईन, तुमचा हुर्राक (काजूची पहिल्या गाळपाची हलकी दारू), सगळं यात आलं. २४ च्या वर आणि ७० पर्यंत असेल तर तो धोकादायक माल खरा, पॅकिंग गट तीन. ७० च्या वर गेलं की पॅकिंग गट दोन, म्हणजे जास्त कडक.

आता तुमच्या फायद्याचं. हवाई मालवाहतुकीच्या नियमपुस्तकात 'ए ९' नावाची एक खास तरतूद आहे. ७० टक्क्यांपर्यंतचं मद्य ५ लिटर किंवा त्याहून लहान भांड्यात भरलेलं असेल, तर कार्गो म्हणून जाताना त्याला धोकादायक मालाचे नियम लागूच होत नाहीत. लाल लेबल नाही, माल पाठवणाऱ्याने भरायचं रेषारेषांच्या लाल काठाचं ते घोषणापत्र नाही. फेणी साधारण ४२.८ टक्क्यांची, बाटली ७५० मिलीची. म्हणजे तुमच्या पहिल्या कुरियरवाल्याने दिलेलं कारण नियमाला धरून नव्हतं. त्याच्या कंपनीचं धोरण 'दारू घेत नाही' असं असू शकतं आणि तो त्याचा हक्क आहे. पण मग तसं सांगावं.

आत्येंचं पाच लिटरचं म्हणणंही बरोबर आहे, फक्त ते प्रवाशाच्या सामानासाठी आहे. २४ ते ७० टक्के, माणशी एकूण ५ लिटर, आणि दुकानात मिळते तशी सीलबंद बाटली. ७० च्या वरची एक थेंबही सामानात चालत नाही. भाटीवरून प्लास्टिकच्या कॅनमध्ये भरून आणलेली फेणी कितीही चांगली असली तरी ती 'दुकानातलं पॅकिंग' नाही, काउंटरवर अडवली जाईल. त्या कॅनमधला द्रव ४० टक्के आहे की ६०, हे तिथे कोण सांगणार?

भर_दुपारी | सोमवार, रात्री १०:४८

एवढं कशाला? मी पुण्याहून दुबईला दोन-तीनदा 'काकवी' लिहून पाठवली आहे. बाटलीला जाड कापड गुंडाळायचं, वर साडीचं खोकं. काही झालं नाही. लिहा व्हिनेगर आणि मोकळ्या व्हा.

मालधक्का | सोमवार, रात्री ११:२६

भर_दुपारी, नका सांगू असं कुणाला. मनापासून विनंती आहे.

एका पावसाळ्यात रात्रपाळीला आमच्या शेडमध्ये एक खोकं खालून ओलं झालेलं सापडलं. कागदावर 'लोणचं व खाद्यपदार्थ'. वास उग्र, पण कशाचा ते कळेना, कारण वरून अत्तर फुटलं होतं. कागदावर एक आणि नाकाला दुसरं, म्हणजे आत काहीही असू शकतं. सगळी माणसं बाहेर काढली, दोन तास काम बंद, शेवटी हातमोजे-चष्मे घालून उघडलं. आत चार बाटल्या निघाल्या, दोन फुटलेल्या, बाहेरून आणलेलं ७५ टक्क्यांच्या वरचं मद्य. ते सत्तरच्या आतलं असतं आणि कागदावर खरं लिहिलेलं असतं, तर पाच मिनिटांत पुसून झालं असतं. ज्या हमालाने ते खोकं डोक्यावर उचललं होतं, त्याच्या सदऱ्यावर ते सांडलं होतं, आणि पाच मिनिटांपूर्वी तो विडी ओढून आत आला होता. त्याचा चेहरा मला अजून आठवतो.

खोट्या कागदाने अंधारात ढकलला जातो तो असा माणूस. विमानातली माणसं त्यानंतर.

टेस्टट्यूब | मंगळवार, सकाळी ७:०५

रसायनशास्त्र शिकवते, म्हणून थोडं त्या बाजूने.

पेटतो तो द्रव नसतो, पेटते ती त्यावरची वाफ. ठिणगी लागताच पेटेल इतकी वाफ ज्या तापमानाला जमते त्याला ज्वलनबिंदू म्हणतात. शुद्ध इथेनॉलचा तो सुमारे १३ अंश सेल्सिअस. पाणी मिसळत गेलं की वर चढतो. ४० टक्क्यांच्या मद्याचा साधारण २६ अंश. म्हणजे महाबळेश्वरला डिसेंबरात शांत असलेली बाटली मे महिन्यात नागपूरच्या बंद ट्रकमध्ये, फुटली तर, पेटण्याजोगी वाफ सोडतेच. इथेनॉलची वाफ हवेपेक्षा जड असल्यामुळे जमिनीलगत पसरत जाते. हवेत ती साधारण ३.३ ते १९ टक्के झाली की ठिणगीची वाट बघत बसते. त्यात दिवसाउजेडी तिची ज्योत फिकट निळी, जवळजवळ न दिसणारी. विद्यार्थ्यांना स्पिरिटचा दिवा दाखवताना मी खोलीतले पडदे ओढते ते त्यासाठीच.

मग ५ लिटरची सूट का? एका बाटलीतून सांडणारा द्रव मर्यादित असतो, आणि इथेनॉल पाण्यात पूर्ण मिसळतं, त्यामुळे भरपूर पाणी ओतलं की ते पातळ होऊन विझतं. पेट्रोलचं तसं नाही, ते पाण्यावर तरंगत जळत राहतं.

डोंगरवाट | मंगळवार, सकाळी ९:१२

हे पटलं, पण एक विसंगती सांगा. करोनाच्या काळात मी सांगलीहून भावाला ७० टक्क्यांचं सॅनिटायझर पाठवायला गेलो तर विमानाने नाही म्हणाले. तेवढ्याच टक्क्यांची दारू चालते आणि हात धुवायचं औषध नाही? हा कुठला न्याय?

मालधक्का | मंगळवार, दुपारी १:४०

तुमचा राग योग्य आहे. ए ९ ची सूट 'मद्य' या नोंदीला आहे, म्हणजे यूएन ३०६५ ला. सॅनिटायझर जातं यूएन ११७० किंवा १९८७ खाली, आणि त्या नोंदींना ५ लिटरची सूट नाही. प्रवाशाच्या सामानात ते प्रसाधनात मोडतं, म्हणून एक बाटली अर्धा लिटरपर्यंत आणि सगळी प्रसाधनं मिळून २ लिटर.

माझं मत विचाराल तर त्यातही तर्क आहे. मद्य काचेच्या, बूच घट्ट बसवलेल्या, कर भरलेल्या बाटलीत येतं आणि त्यावर टक्के छापलेले असतात. सॅनिटायझर त्या काळात पंपाच्या बाटलीत, पाऊचमध्ये, जुन्या कॅनमध्ये, जिथे जागा मिळेल तिथे भरलं जात होतं.

आसवनी | मंगळवार, दुपारी ३:३३

साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत आहे, कोल्हापूर भागात. हाच इथेनॉल मोठ्या प्रमाणात गेला की काय होतं ते लिहितो, कारण इथे बहुतेक जण बाटलीचाच विचार करत आहेत.

आमच्याकडून टँकर भरून तेल कंपन्यांच्या डेपोत जातो, पेट्रोलमध्ये मिसळायला. तिथे कसलीच सूट नाही. टँकरच्या दोन्ही बाजूंना आणि मागे आपत्कालीन माहितीचा फलक: यूएन ११७०, हॅझकेम कोड २वायई (आग-गळतीत काय करायचं ते अग्निशमनाला सांगणारा), लाल चौकोन, फोन नंबर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मध्ये हे सगळं आहे. चालकाकडे नुसतं जड वाहनाचं लायसन असून भागत नाही, धोकादायक मालाचं तीन दिवसांचं प्रशिक्षण करून त्याची नोंद करून घ्यावी लागते. केबिनमध्ये ट्रेम कार्ड, म्हणजे अपघातात काय करायचं त्याची सूचनापत्रिका हवी, तीही त्याला वाचता येईल अशा भाषेत. आमच्या गेटवर ते बघितल्याशिवाय गाडी सोडत नाही. एकदा मराठी-हिंदी न येणारा चालक आला, त्याच्यासाठी तेलुगूतलं कार्ड मागवेपर्यंत गाडी संध्याकाळपर्यंत उभी ठेवली. वाहतूकदार चिडला. चिडू दे.

आणि टेस्टट्यूब ताई, पाण्याने विझतं हे बाटलीपुरतं खरं. टँकर उलटला तर ओतायला तेवढं पाणी आणणार कुठून? साधा फेसही कामाचा नाही, अल्कोहोल त्या फेसातलं पाणी शोषून त्याचा थर मोडतं. अल्कोहोलला टिकणारा वेगळा फेस लागतो. महामार्गावर टँकर आडवा झाल्यावर बादल्या घेऊन धावणाऱ्या लोकांना कळकळीने सांगतो, फलकावरचा आकडा लांबून वाचा, अग्निशमनला तो सांगा आणि मागे व्हा.

टेस्टट्यूब | मंगळवार, दुपारी ४:०१

आसवनी, बरोबर. दुरुस्ती मान्य.

आण्णा_निफाड | मंगळवार, संध्याकाळी ६:५०

चहाबाज, तुमच्या वाईनचं उत्तर. साडेबारा-तेरा टक्के असते, त्यामुळे धोकादायक मालाचा प्रश्नच येत नाही. पोर्टसारखी गोड, कडक केलेली वाईन १८-२० ची, तीही २४ च्या आत. आमचे नमुने परदेशी जातात तेव्हा अडतं ते उत्पादन शुल्काच्या कागदावर आणि तिकडच्या आयात परवान्यावर. आणि काचेवर. बारा बाटल्यांचं खोकं चांगल्या पुठ्ठ्याच्या कप्प्यांत भरलं नाही तर एक बाटली बाकी अकरांची लेबलं खराब करते.

बंदरकाठ | मंगळवार, रात्री ९:०४

मी समुद्राच्या बाजूचा, न्हावाशेव्याहून निवृत्त. समुद्री नियम वेगळे आहेत आणि मला ते जास्त सुंदर वाटतात.

समुद्रात गट तीनचं मद्य २५० लिटरपर्यंतच्या भांड्यात असेल तर मोकळं. म्हणजे व्हिस्कीच्या बाटल्यांनी भरलेला अख्खा कंटेनर आला तरी तो धोकादायक माल नाही. पण तीच व्हिस्की आयएसओ टाकीतून आली, साधारण चोवीस-पंचवीस हजार लिटरची टाकी, की ती पूर्ण वर्ग ३. आपल्याकडच्या कितीतरी व्हिस्क्यांत मिसळली जाणारी स्कॉच अशीच टाकीतून, बाटलीत न भरता येते. द्रव तोच, टक्के तेच, बदललं ते भांडं. अपघात झाला तर एका झटक्यात किती बाहेर येईल, त्यावर हा नियम उभा आहे.

आणि २५० च्या वर, ५०० लिटरपर्यंतच्या लाकडी पिंपांसाठी वेगळी तरतूद. मुरत ठेवायच्या प्रक्रियेतलं मद्य असेल तर पिंपाला सूट, पण अटींसह: पिंप तपासून घट्ट केलेलं, आत किमान ३ टक्के जागा मोकळी, बूच वरच्या बाजूला. 'बूच वर' हे आंतरराष्ट्रीय समुद्री नियमांत लिहिलेलं वाचलं तेव्हा मला फार आनंद झाला होता. ज्याने लिहिलं त्याने पिंप हाताळलं असणार.

हे नियम हवेतून आलेले नाहीत. १८ जून १८७५ ला डब्लिनमध्ये व्हिस्कीच्या गोदामाला आग लागली, जळती व्हिस्की रस्त्यातून वाहिली. पाणी मारलं तर ती आणखी पसरेल म्हणून अग्निशमनाच्या प्रमुखाने वाळू आणि घोड्यांची लीद टाकून बांध घातले. १३ माणसं गेली, पण आगीत एकही नाही. रस्त्यावरची व्हिस्की टोपीत, बुटात भरून प्यायल्याने गेली. ग्लासगोत २८ मार्च १९६० ला चीपसाइड स्ट्रीटवरच्या गोदामात दहा लाख गॅलनहून अधिक व्हिस्की होती. आतली पिंपं फुटून स्फोट झाला, भिंती रस्त्यावर कोसळल्या, अग्निशमन आणि साल्व्हेज (आगीतून माल वाचवणाऱ्या) दलाचे १९ जवान गेले.

आपल्या मुंबईचं तर सांगायलाच नको. १४ एप्रिल १९४४, व्हिक्टोरिया डॉक, फोर्ट स्टिकीन बोट. दारूगोळा आणि कापसाच्या गासड्या एकाच जहाजात होत्या, आग लागली आणि स्फोट झाला. कुठला माल कुठल्या मालाशेजारी ठेवायचा नाही, हे मी पुढे तरुण पोरांना शिकवायचो तेव्हा सुरुवात तिथूनच करायचो. देशभर अग्निशमन सप्ताह १४ एप्रिललाच सुरू होतो, तो त्या स्फोटात गेलेल्या अग्निशमन जवानांच्या आठवणीसाठी.

सोनचाफा | मंगळवार, रात्री ९:५०

काका, अंगावर काटा आला. माझे आजोबा तेव्हा भायखळ्याला होते, खिडक्यांच्या काचा फुटल्याचं सांगायचे.

अवांतर नको म्हणून विषयाचं: मी न्यू जर्सीत आहे. इथे सरकारी टपालाने मद्य पाठवणं संघीय कायद्यानेच गुन्हा आहे, वाईनसुद्धा. खासगी कुरियर फक्त परवानाधारक विक्रेत्यांकडून घेतात. कुणी भारतातून घरगुती पार्सलात पाठवू नका, इथे घेणाऱ्याला त्रास होतो.

अदिती_लीड्स | बुधवार, पहाटे २:१५

ब्रिटनमध्ये उलट. देशांतर्गत टपालाने २४ ते ७० टक्क्यांचं मद्य एका पार्सलमध्ये १ लिटरपर्यंत चालतं, सत्तरच्या वरचं अजिबात नाही. मी मैत्रिणीला जिन पाठवली आहे. बाटली घट्ट पिशवीत, भोवती द्रव शोषून घेईल असं काहीतरी, मग मजबूत खोकं. खरं काय ते लिहिलं, व्यवस्थित पोचलं.

भर_दुपारी | बुधवार, सकाळी ८:२०

मालधक्का, काल रात्री तुमचा प्रतिसाद बायकोला वाचून दाखवला. त्या हमालाचं वाचून गप्प बसलो. पुन्हा तसं लिहून पाठवणार नाही.

घाटमाथा | बुधवार, सकाळी ८:५५

भर_दुपारी, हे इथे लिहिलंत याचा आनंद वाटला.

एक छोटी शंका. बाटलीवर ४२.८ असा विचित्र आकडा का असतो? सरळ ४० किंवा ४५ का नाही?

आसवनी | बुधवार, सकाळी १०:१०

जुन्या ब्रिटिश 'प्रूफ'मुळे. १०० डिग्री प्रूफ म्हणजे सुमारे ५७.१ टक्के. आपल्याकडची दारू २५ अंडर प्रूफ, म्हणजे ७५ डिग्री, आणि ५७.१ चे पाऊण काढा, ४२.८ येतात. बंदुकीची दारू मद्यात भिजवून पेटते का बघायचे, पेटली तर 'प्रूफ' झाली, अशी त्यामागची गोष्ट सांगतात. म्हणजे टक्के ठरले तेही पेटण्यावरूनच.

ओटवणे_रोड | बुधवार, दुपारी १२:३०

काजूबोंडू ताई, तुम्ही गोव्याच्या म्हणून सांगतो. आगीचा नियम एक, अबकारीचा दुसरा, कस्टम्सचा तिसरा. तिन्ही एकमेकांना ओळखत नाहीत. विमानात ५ लिटर चालतं म्हणून गोव्याच्या सीमेलगतच्या इन्सुली नाक्यावर चालेल असं नाही. माझा मामेभाऊ मोपाहून विमान न घेता गाडीने मुंबईला निघाला, डिकीत फेणीच्या सहा बाटल्या, परवाना नाही. 'विमानाला चालतात' हे त्याने नाक्यावर तीनदा सांगितलं. बाटल्या गेल्या, गुन्हा दाखल झाला, गाडी सोडवायला दिवस गेले. गोव्याच्या अबकारी खात्याचा परवाना आणि दुकानाचं बिल जवळ ठेवाच.

मेपलपान | बुधवार, संध्याकाळी ७:४५

मी मिसिसागात राहतो, टोरांटोच्या शेजारी. कॅनडात भेट म्हणून टपाल-कुरियरने येणाऱ्या वस्तूंना जी करसवलत आहे, तिच्यातून दारू वगळलेली आहे. आल्यावर केंद्राचा कर, प्रांताचा कर, आणि ओंटारियोत दारूचा कारभार प्रांताच्या मंडळाकडे, त्यामुळे एका बाटलीसाठी भावाला बराच व्याप होईल.

कुणी येणारं असेल तर त्याच्या हाती द्या. प्रवाशाला १.१४ लिटर कडक मद्य करमुक्त. म्हणजे ७५० मिलीची एक बाटली सुखात, दोन झाल्या तर वरच्यावर कर भरायचा. येणाऱ्याचं वय १९ पूर्ण हवं आणि जाहीर करायला विसरू नये.

मालधक्का | बुधवार, रात्री ८:३०

मेपलपान यांनी नेमकं सांगितलं. ताई, चेक-इन बॅगेतच ठेवायला सांगा, हातातल्या सामानात १०० मिलीच्या वरचा द्रव सुरक्षा तपासणीत जाणार नाही. मालाच्या कप्प्यात हवेचा दाब केबिनसारखाच राखलेला असतो, त्यामुळे उंचीवर बाटली फुटेल ही भीती नको. फुटते ती आपटून. बूच नीट बघा, बाटली दोन पिशव्यांत घाला, भोवती जुना टॉवेल, आणि बॅगेच्या मधोमध ठेवा, कडेला नाही.

काजूबोंडू | शनिवार, दुपारी ४:१०

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन दिवस हा धागा घरातही मोठ्याने वाचला जात होता.

भावाच्या शेजारणीची आई पंचवीस तारखेला जाणार आहे, त्या काकू बाटली न्यायला आनंदाने तयार झाल्या. वाळपईच्या दुकानातून सीलबंद फेणी घेतली, लेबलवर ४२.८ वाचून मला एकदम ओळखीचं वाटलं. बिल आणि परवाना पाकिटात घालून काकूंना दिला, १.१४ चा हिशोबही कागदावर लिहून दिला. एकच बाटली.

आमच्या जुन्या भाटीवाल्याने स्वतःच्या हातची एक लिटरची बाटली आणून दिली होती, सील नाही, लेबल नाही. ती माझ्याकडे ठेवली आहे. भाऊ घरी येईल तेव्हा.

मालधक्का | शनिवार, दुपारी ४:५२

काकूंना सांगा, टॉवेल जाड घ्या.